कानात गाणी, समोर पुस्तक: ताण नेमका कधी उतरतो?

प्रश्न असा आला आहे: पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षा जवळ आली की सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत इअरफोन कानातच असतात. गाण्यांशिवाय अभ्यासाला बसवतच नाही. मैत्रीण म्हणते गाण्यांनी टेन्शन जातं. मला मात्र कधी अगदी हलकं वाटतं, तर कधी आधीपेक्षा जास्त उदास. गाण्यांनी ताण खरंच कमी होतो का? होत असेल तर कुठली गाणी ऐकू?

उत्तर:

'कुठली गाणी' हा भाग मी मुद्दाम शेवटी घेते. (वयाने तुझ्यापेक्षा बरीच मोठी आहे, म्हणून सरळ 'तू'च म्हणते.) विद्यार्थ्यांचं समुपदेशन करायला लागून मला २२ वर्षं झाली आणि या विषयावर बोलायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण यादी मागतो. सुरुवातीला मी द्यायचेही. बासरी, संतूर, पावसाचा आवाज, असं काहीबाही. दोन आठवड्यांनी मुलं परत यायची. यादी ऐकून झालेली असायची, चेहरा होता तसाच. मग यादी देणं बंद केलं आणि एकच गोष्ट विचारायला लागले: प्लेचं बटण दाबलंस तेव्हा तुला गाण्याकडून काय हवं होतं? बहुतेक जण गप्प होतात. तुझ्या प्रश्नातही याचं उत्तर नाही. गाणी सकाळपासून रात्रीपर्यंत असतात एवढं कळलं, ती कशासाठी असतात ते कळलं नाही.

ही नुसती माझी खोड नाही. जर्मनीतल्या काही संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५५ विद्यापीठीय विद्यार्थी होते. त्यांना प्रयोगशाळेत न बोलावता त्यांच्या रोजच्या आयुष्यातच दिवसातून चार वेळा विचारलं जायचं: आत्ता गाणी ऐकत होता का, कशासाठी, आणि ताण किती वाटतोय? पाच दिवस नेहमीच्या आठवड्यातले, पाच दिवस परीक्षेच्या आठवड्यातले. काही जणांच्या लाळेचे नमुनेही घेतले, कारण ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक लाळेत मोजता येतं. नुसती गाणी ऐकल्यानेही ताण थोडा कमी वाटला. पण 'जरा शांत व्हायचं होतं म्हणून लावली' असं ज्यांनी सांगितलं, त्यांच्यात फरक सर्वांत ठळक होता. त्यांना ताण कमी वाटला आणि कॉर्टिसॉलही कमी आढळलं. म्हणजे तुझी मैत्रीण चूक नाही. तिने अर्धंच सांगितलं, इतकंच.

आता ताण म्हणजे शरीरात काय होतं ते थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एक यंत्रणा झटपट चालते. प्रश्नपत्रिका हातात पडली की क्षणात छाती धडधडते, तळहात ओले होतात, श्वास वरच्या वर चालतो. दुसरी संथ. कॉर्टिसॉल हळूहळू चढतं, धक्क्यानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखर गाठतं आणि उतरायलाही वेळ घेतं. गाण्याचा हात पहिल्या यंत्रणेपर्यंत सहज पोचतो आणि तो पोचतो मुख्यतः लयीतून.

हे मी खोलीत बसून बघत आले आहे. घाबरलेला मुलगा समोर बसलेला असतो, मी त्याच्याच फोनवरचं एखादं संथ, त्याच्या ओळखीचं गाणं हळू आवाजात लावायला सांगते आणि काहीही न बोलता त्याच्या खांद्यांकडे बघते. आधी खांदे कानांकडे ओढलेले असतात, श्वासाबरोबर तेच वर-खाली होत असतात. पहिल्या कडव्यापर्यंत काही घडत नाही. मग कधीतरी पाऊल ठेका धरतं, एक लांब उसासा येतो आणि श्वास पोटातून चालू लागतो. त्यानंतर आवाज बदलतो. बोलणंही मग जमतं. इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हेच मोजून दाखवलं होतं. २४ जणांना वेगवेगळ्या शैलींचे तुकडे ऐकवले, त्यात भारतीय रागसंगीतही होतं. श्वास, नाडी आणि रक्तदाब शैलीपेक्षा लयीच्या वेगाबरोबर हलत होते. जलद लय चढवते, संथ लय उतरवते. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती आणि त्या शांततेत नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्याआधीपेक्षाही खाली गेले. तुझ्या सकाळ ते रात्र चालणाऱ्या प्लेलिस्टमध्ये ही दोन मिनिटं कुठेच नाहीत. एक गाणं संपायच्या आत दुसरं सुरू होतं. गाणं संपल्यावर शरीराला जे मिळायचं, ते तू त्याला मिळूच देत नाहीस.

मग परीक्षेच्या दारात उभं राहून गाणी ऐकावीत का? इथे अपेक्षेपेक्षा वेगळं निघालं आहे. २०१३ च्या एका प्रयोगात ६० निरोगी तरुणींचे तीन गट केले. एका गटाने शांत संगीत ऐकलं, दुसऱ्याने झुळझुळत्या पाण्याचा आवाज आणि तिसरा नुसता बसून राहिला. लगेच सगळ्यांना अनोळखी परीक्षकांसमोर भाषण आणि तोंडी गणितं करायला लावली. वाटेल की संगीतवाल्या मुली सर्वांत शांत राहिल्या असतील. उलट त्यांच्यात कॉर्टिसॉल सर्वांत जास्त आढळलं आणि पाण्याच्या आवाजवाल्यांत सर्वांत कमी. पण परीक्षा संपल्यावर ती झटपट यंत्रणा पूर्ववत व्हायला संगीत ऐकलेल्यांना कमी वेळ लागला. एका प्रयोगावरून नियम करू नये, पण माझ्या अनुभवाशी तो जुळतो. आधी ऐकलेलं गाणं लस टोचल्यासारखं काम करत नाही, सावरायला मात्र मदत करतं. म्हणून मी मुलांना सांगते, गाणं पेपर सुटल्यानंतरसाठी राखून ठेवा. बाहेर आल्यावर 'तिसऱ्याचं उत्तर काय आलं' ही चर्चा सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं बाजूला जाऊन ऐका. दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर ही दहा मिनिटं पुढच्या चार तासांच्या अभ्यासाला पुरतात.

आता तुझं 'गाण्यांशिवाय अभ्यासाला बसवतच नाही'. याचे मी दोन तुकडे करते, कारण अभ्यासाला बसवणं आणि अभ्यास होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बसवण्यासाठी गाणं चांगलंच. १९९३ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा एक छोटा प्रयोग छापून आला. मोत्सार्ट या पाश्चात्त्य संगीतकाराची एक रचना दहा मिनिटं ऐकल्यावर आकृत्या मनातल्या मनात फिरवण्याची, उलगडण्याची कामं त्यांना थोडी जास्त जमली. परिणाम टिकला १० ते १५ मिनिटं. त्यावरून जगभर 'मोत्सार्ट ऐका, हुशार व्हा' असं पीक आलं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर १९९८ मध्ये प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत वाटायचा प्रस्ताव मांडला. नंतर २००१ मध्ये टॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसैन यांनी दाखवलं की मोत्सार्टमध्ये जादू नव्हती. उत्साही संगीताने माणूस जागा होतो, मूड सुधारतो आणि म्हणून थोडा वेळ काम बरं होतं. उदास, संथ रचना ऐकवली तेव्हा तो फायदा दिसला नाही. तर अभ्यासाला बसायच्या आधी एक-दोन तरतरीत गाणी ऐकायला माझी ना नाही. उभं राहून ऐक, हवं तर नाच.

पण पुस्तक उघडलंस की बंद. शब्द असलेलं गाणं आणि शब्द असलेला अभ्यास डोक्यात एकाच बाकावर जागा मागतात. वाचलेलं आपण मनातल्या मनात उच्चारून धरून ठेवतो आणि नेमक्या त्याच वाटेने गाण्याचे बोल आत घुसतात. तू त्यांच्याकडे लक्ष देतेस की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. सलामे आणि बॅडली यांनी १९८० च्या दशकात हे आकड्यांच्या पाठांतरावर दाखवलं. नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा गायलेल्या संगीताने पाठांतर जास्त बिघडलं. यावर मुलांचं ठरलेलं उत्तर असतं, 'पण मॅडम, माझ्या आवडीची गाणी मला त्रास देत नाहीत.' पर्हम आणि विझार्ड यांनी २०११ मध्ये हेच तपासलं. आवडतं आणि नावडतं, दोन्ही संगीतांनी क्रमवार आठवण्याचं काम सारखंच बिघडवलं. फरक एवढाच की आवडत्या गाण्याचा त्रास आपल्याला जाणवत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, आजच करून बघ. कुणाला तरी आठ आकडे, सेकंदाला एक या गतीने, वाचून दाखवायला सांग. दहा सेकंद थांब आणि त्याच क्रमाने लिही. असं पाच वेळा शांततेत, पाच वेळा तुझं लाडकं गाणं चालू असताना. प्रत्येक वेळी आकडे नवे हवेत. मग बरोबर आलेले आकडे मोज. मी हे गटात करून घेते तेव्हा मुलांची तोंडं बघण्यासारखी होतात.

अपवाद आहेत. वही नीट उतरवून काढणं, आकृत्या रंगवणं, नोंदींना नंबर घालणं अशी हाताने चालणारी कामं गाण्याबरोबर बिनधास्त करावीत, उलट कंटाळा लांब राहतो. गणिताच्या सरावाला काही जणांना वाद्यसंगीत चालतं. आजूबाजूला माणसं बोलत असतील, तर त्या बोलण्यापेक्षा बोल नसलेली एकसुरी धून बरी.

आता तुझ्या प्रश्नातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ: कधी हलकं वाटतं, कधी आणखी उदास.

उदास गाणी ऐकणं वाईट, असं मी म्हणणार नाही. खूप जणांना त्यातूनच आधार मिळतो. तारुफी आणि कोल्श यांनी २०१४ मध्ये ७७२ जणांना विचारलं, उदास संगीत ऐकताना काय वाटतं? सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर दुःख नव्हतं, जुन्या आठवणींची हुरहुर होती. आपल्या मनातलं कुणीतरी नेमक्या शब्दांत आधीच म्हणून ठेवलंय, हा दिलासा मोठा असतो. रडू येतं, ओसरतं, माणूस तोंड धुऊन कामाला लागतो. हे झालं हलकं होणं.

दुसरा प्रकार वेगळा. एक मुलगा माझ्याकडे यायचा, नापास झालेल्या विषयाची फेरपरीक्षा तोंडावर होती. त्याने फोनवर दाखवलं, एकच गाणं त्या आठवड्यात अक्षरशः शेकडो वेळा वाजलं होतं. मी म्हटलं, लाव. त्याने लावलं. मी विचारलं, पहिल्या ओळीला डोक्यात काय आलं? 'निकालाचा दिवस.' धृपद परत आलं तेव्हा? 'निकालाचा दिवस.' शेवटी? तो हसला, पण डोळे हसले नाहीत. गाणं चार मिनिटं पुढे गेलं होतं आणि हा तिथल्या तिथेच होता. आपल्याकडे याला चांगला शब्द आहे, चघळणं. ज्यांना चघळत बसायची सवय असते त्यांना उदास गाणी ओढून घेतात आणि ऐकून त्यांचा मूड आणखी खाली जातो, असं ऑस्ट्रेलियातल्या गॅरिडो आणि शूबर्ट यांच्या कामातून दिसलं आहे. गंमत म्हणजे, ही मुलं गाणं मदत करतंय असंच सांगतात.

हे ओळखायची माझी खूण साधी आहे. तीन गाण्यांनंतर इअरफोन काढ आणि आत्ता डोक्यात चाललेला विचार एका ओळीत लिही. गाणं लावायच्या आधीचीच ओळ शब्दशः परत आली, तर ते गाणं तुला धरून ठेवतंय. ओळ थोडी जरी सरकली असेल, 'मी नापास होणार' याचं 'दोन धडे तरी उद्या होतील' झालं असेल, तर चालू दे.

आणि अशा वेळी एकदम आनंदी गाणं लावू नकोस. ते कानाला थप्पड मारल्यासारखं लागतं. संगीतोपचारात एक जुनी पद्धत आहे, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आल्टशुलर यांनी १९४० च्या दशकात मांडलेली: माणूस जिथे आहे तिथून सुरुवात करायची आणि संगीत पायरीपायरीने हवं तिकडे न्यायचं. त्या मुलाबरोबर आम्ही पाच गाण्यांची साखळी केली. पहिलं त्याचं तेच गाणं, पण एकदाच. दुसरं तितकंच संथ, पण बोल निकालाशी, विरहाशी संबंध नसलेले. तिसरं नुसतं वाद्यांचं. चौथ्यात ठेका. पाचवं तो शाळेत असताना सायकलवर गुणगुणायचा ते. क्रम त्याचा त्यानेच लावला, मी फक्त 'एकदाच' यावर अडून बसले. त्याला तेच सर्वांत जड गेलं.

रागावलेलं असताना कर्कश, धडाडधूम संगीत ऐकणाऱ्यांना घरचे ओरडतात. ओरडू नये. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या २०१५ च्या एका छोट्या प्रयोगात असं संगीत आवडणाऱ्या ३९ जणांना आधी चिडवलं आणि मग अर्ध्यांना त्यांचं संगीत ऐकू दिलं, बाकीच्यांना शांत बसवलं. दोन्ही गटांची चिडचिड सारखीच उतरली.

झोपेचं थोडक्यात. हंगेरीत २००८ मध्ये झोपेची तक्रार असलेल्या ९४ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. तीन आठवडे रोज झोपताना ४५ मिनिटं शांत शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांची झोप सुधारली, ध्वनिपुस्तक ऐकणाऱ्यांची सुधारली नाही. मात्र डोक्यात चिकटणारी, ओळखीची गाणी रात्री नकोत. मायकेल स्कलिन यांच्या २०२१ च्या अभ्यासात अशी गाणी झोपेतही डोक्यात वाजत राहून झोप मोडतात असं दिसलं. त्यातही गाजलेल्या गाण्याची नुसती धून ऐकली तर ते जास्त चिकटतं, बहुधा गाळलेले शब्द मेंदू स्वतः भरत बसतो म्हणून. तेव्हा झोपताना अनोळखी, संथ वाद्यसंगीत लाव आणि फोन आपोआप बंद होईल अशी वेळ लाव.

आवाजाचंही बघ. दिवसभर इअरफोन म्हणालीस म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आहे आणि ९० डेसिबलला फक्त ४ तास. तुझे तास मोज, ४० कधीच ओलांडले असतील. रात्री खोली शांत झाल्यावर कानात बारीक शिट्टी ऐकू येत असेल तर कान तपासून घे.

आता 'कुठली गाणी'. तुझी तू निवडलेली, एवढंच माझं उत्तर. दुसऱ्याने लादलेल्या शांत संगीताने चिडायला होतं, हे मी माझ्या त्या जुन्या याद्यांवरून शिकले. शांत व्हायचं असेल तर लय मिनिटाला ६० ते ९० ठोक्यांच्या आसपास असावी, फार चढउतार नसावेत. २०२० मध्ये डी विट यांच्या गटाने १०४ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, त्यात साडेनऊ हजारांवर माणसं होती. संगीताने ताण कमी होतो हे त्यात स्पष्ट दिसलं. शरीरावरचा परिणाम लहान ते मध्यम, मनाला वाटणारा मध्यम. अमुक राग ऐका, तमुक रोग जाईल, अशा याद्या फिरत असतात. त्यांच्यामागे धावू नकोस. राग आवडतो म्हणून जरूर ऐक.

एक गोष्ट गाणं करत नाही. न वाचलेले सात धडे असतील तर गाणं संपल्यावरही ते सातच असतात. मला शंका आहे की तुझे इअरफोन दिवसभर कानात असण्याचं कारण हे असावं. त्या धड्यांचा विचार वर येऊ नये म्हणून. विचार दाबायला लावलेलं गाणं आणि दमून शांत व्हायला लावलेलं गाणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. तू मला प्रत्यक्ष भेटली असतीस तरी मला तुझ्याकडे बघून ओळखता आलं नसतं.

आणि गाणी आवडेनाशीच झाली असतील, दोन आठवड्यांच्या वर झोप, भूक, लक्ष सगळंच बिघडलेलं असेल, किंवा जगण्यात काही अर्थ नाही असे विचार येत असतील, तर हा प्लेलिस्टचा विषय नाही. कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा, तेही याच आठवड्यात. जीव द्यावा असं वाटत असेल तर आजच, आणि तोवर एकटी राहू नकोस.

तसं नसेल, तर पुढचे चार दिवस एवढंच कर. एक कागद घडी करून फोनच्या कव्हरमध्ये ठेव. गाणं लावायच्या आधी त्यावर वेळ आणि एक शब्द लिही: शांत व्हायला, जागं व्हायला, रडायला, टाळायला, सोबतीला, जो खरा असेल तो. काहीच सुचलं नाही तर 'असंच' लिही. खोटं लिहू नकोस, कागद कुणाला दाखवायचा नाहीये. माझा अंदाज, पहिल्या दिवशी 'असंच' बरेच येतील. त्या वेळी गाणं लावू नकोस, दोन मिनिटं नुसती बस आणि मग हवं तर लाव. चौथ्या रात्री मोज आणि 'असंच' सोडून कुठला शब्द सर्वांत जास्त वेळा आला ते मला लिहून कळव. आपण तिथून पुढे बोलू.